नाव वाक्याच्या पोटात

"धाकूचं नाव सोडून काय वाटेल ते बोला," नंदकिशोर म्हणाला.

रत्नप्रभाच्या हातातला फुगा तोंडाशी पोचता पोचता थांबला. मैद्याचे हे गोल तळलेले फुगे गिल्बर्टच्या बायकोने, सेराफिनाने, पहाटे उठून घमेलंभर केले होते, आणि गरम फुगा समोर असताना दुसऱ्या कशात लक्ष घालणं रत्नप्रभाच्या स्वभावात नव्हतं. तिने फुगा ताटलीत परत ठेवला.

"पुन्हा बोल."

"मावशी, साहेबांनी सांगितलंय. नावं घ्यायची तर कर्मचाऱ्यांचीच घ्यायची. धाकू कर्मचारी नव्हता."

"मग कोण होता? केंद्रातलं मांजर?"

मरोळ गावठाणात गिल्बर्ट मिसकिटाच्या अंगणात रविवारी सकाळी हे चाललं होतं. टीव्ही केंद्राला पंधरा वर्षं झाली होती. सोहळा मोठा. भाषणं, हार, शाली, आणि ज्यांनी केंद्राच्या पायऱ्याही चढल्या नव्हत्या अशा लोकांचे गौरव. सगळं ठरून गेल्यावर कुणाला तरी आठवलं की हे केंद्र उभं करायला काही माणसंही लागली होती. तेव्हा तरुण निर्माता नंदकिशोर याला एक कॅमेरा देऊन पाठवलं. जुन्या लोकांच्या आठवणी आण, म्हणाले. गोड गोड आण. पाच-दहा मिनिटांच्या आण.

जुने लोक म्हणजे तिघं. गिल्बर्ट सेट उभारणारा सुतार. जयवंत फिल्मची कापाकापी आणि जोडाजोडी करणारा संकलक. आणि रत्नप्रभा कुडतरकर, कपडेपटाची मालकीण. नोकरीत ती मालकीण नव्हती, पण तिच्या परवानगीशिवाय मंत्र्याच्या जाकिटालाही कॅमेऱ्यासमोर जायची सोय नव्हती. तिघंही आता निवृत्त. रत्नप्रभा चारकोपच्या नव्या सेक्टरमध्ये राहायला गेली होती. तिथे पाण्याचा पत्ता नव्हता, पण दाराला स्वतःचं नाव होतं.

चौथा धाकू. तो दोन पावसाळ्यांपूर्वी काविळीने गेला होता.

धाकू केंद्रात काय होता, हे एका शब्दात सांगता येत नाही आणि म्हणूनच सरकारला तो दिसला नाही. सुतार कमी पडला की तो सुतार. दिवेवाला आजारी पडला की शिडीवर तो. मुलांच्या कार्यक्रमात घोड्याचे मागचे पाय तो. कामगारांच्या कार्यक्रमात गर्दी हवी असली की सगळी गर्दी तो एकटा, तीनदा टोपी बदलून. कागदावर मात्र 'कॅज्युअल'. महिना संपला की माणूस संपला आणि एक तारखेला पुन्हा जन्मला. असे जन्म घेत घेत तो म्हातारा झाला आणि मेला, आणि मेल्यावर केंद्राने शोकसभासुद्धा घेतली नाही. का? तर जो नेमलाच नाही तो जाईल कसा!

"मावशी, समजून घ्या ना," नंदकिशोर खालच्या आवाजात म्हणाला. पोरगा वाईट नव्हता. घाबरट होता, आणि घाबरट माणूस वाईटाचीच कामं करतो, फक्त माफी मागून. "त्याचं नाव केंद्राच्या कार्यक्रमात आलं, तर उद्या दुसरे कॅज्युअल उभे राहतील. म्हणतील, बघा, केंद्रानेच कबूल केलं. साहेबांना ती भीती आहे. मी अजून कायम झालेलो नाही हो."

"तू पण कॅज्युअलच की रे मग," गिल्बर्ट म्हणाला आणि स्वतःच खो खो हसला. गिल्बर्टला हसायला कारण लागत नसे. दिवंगतांच्या प्रार्थनेत हसला म्हणून पाद्र्याने त्याला एकदा बाहेर काढलं होतं.

रत्नप्रभा हसली नाही. तिने उठून पदर खोचला आणि घरात गेली, कारण आत शेवंती बसली होती.

शेवंती म्हणजे धाकूची बायको. नाहूरच्या चाळीतून रत्नप्रभाने तिला मुद्दाम बोलावून आणलं होतं. शब्द दिला होता, की टीव्हीवर तुझ्या नवऱ्याचं नाव येणार, तू ये, स्वतः बघ. शेवंती चुलीपाशी सेराफिनासोबत सुके बोंबील साफ करत होती. नेसूची साडी घडीची होती. बोंबलाचा वास लागू नये म्हणून तिने गुडघ्यांवर वर्तमानपत्र पसरलं होतं.

"काय झालां, बाई? सुरू झालां काय?"

"होतंय. कॅमेरा लावतायत."

"तेंचां नाव येतलां ना? चाळीत सांगून ईलंय मी. जानकीबाईच्या टीव्हीवर सगळी बघूक बसतली." ती हळूच हसली. "तो शिवदास नाय काय, तळमजल्यावरचो, तो म्हणता, तुझो घोव टीव्हीत काय व्हतो गो? टीव्ही पुसूक? हे जिवंत असताना पण तसाच बोलायचो. कामावरसून ईले की ओरडायचो, ईले बघा टीव्हीवाले, आज बातम्यो कोणी दिल्यान?"

"मग धाकू काय म्हणायचा?"

"ते काय म्हणतले? हसायचे. आणि घरात येवन माका गजाली सांगायचे. मंत्र्याक खुर्चीतसून सोडवलो, माणसाच्या आंगातसून वाफ काढली..." शेवंतीने बोंबलाचं डोकं मोडलं. "खोटां कशाक बोला, मी पण मनात म्हणायचंय, घेवन ईले आसतले."

बस. हे ऐकलं आणि रत्नप्रभाच्या डोक्यात सणकच गेली. चाळीने विश्वास ठेवला नाही, ते चाळीचं झालं. पण ज्या माणसाच्या हसण्यावर स्टुडिओ चालला, त्याच्या बायकोलाच वाटावं की हा पिऊन बडबडतो? बरं, तिला दाखवायला तो कधी आत आणू शकला नाही. कर्मचाऱ्यांच्या कुटुंबाला वर्षातून एकदा पास मिळायचा. हा कर्मचारी नव्हता!

ती मागच्या दाराने बाहेर आली. विहिरीच्या कठड्यावर जयवंत विडी ओढत बसला होता. जयवंत मुळात कमी बोलायचा. आयुष्यभर दुसऱ्यांची वाक्यं कापली, त्यामुळे असेल.

"ऐकलंस?"

"ऐकलं."

"मी घेणार त्याचं नाव. काय व्हायचं ते होऊ दे."

"घे," जयवंत म्हणाला. "तो घरी जाऊन कापेल. 'आणि आमचा धाकू', असं शेवटी म्हणालीस की झालं. वाक्याची शेपटी. एका झटक्यात जाते. सुरुवातीला म्हणालीस तरी तेच. डोकं कापायला पण सोपं."

"मग करू काय? गाऊन दाखवू?"

जयवंतने विडी विझवली. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू असा भाव आला, जो रत्नप्रभाने कैक वर्षांत पाहिला नव्हता. फिल्म तुटलीय, बातम्या चालू आहेत आणि याला मजा येतेय, असा.

"नाव वाक्याच्या पोटात घालायचं," तो म्हणाला. "मधोमध. मागे-पुढे श्वास घ्यायचा नाही. अर्ध्या शब्दावर हसायचं, म्हणजे आवाजावर आवाज चढतो. कापायला गेला की वाक्य मरतं. आणि गोष्ट अशी सांगायची की तो नसला तर गोष्टच नाही. मग साहेबाला दोनच रस्ते. धाकू ठेव, नाहीतर आपल्याला सगळ्यांनाच काढ."

"सगळ्यांनाच काढलं तर?"

"तर रिकामी दहा मिनिटं काय दाखवतील? मासे?" त्या काळी कार्यक्रमांच्या मधल्या वेळात केंद्र काचेच्या टाकीतले मासे दाखवत असे.

गिल्बर्टला हे सांगायला दोघं गेले, तेव्हा तो इतका हसला की सेराफिना आतून ओरडली, "अरे मेल्या, कॅमेरा लागला काय? आधीच कशाला सगळं हसून संपवतोस?"

मग कॅमेरा लागला. तिघं आंब्याखाली खुर्च्यांवर बसले. शेवंती दारात उभी राहिली, पाठीमागे सेराफिना. नंदकिशोरने हात वर केला आणि खाली सोडला.

गिल्बर्टने उद्घाटनाचा दिवस काढला. सेट आदल्या दिवशी संपायला हवा होता, तो संपला नव्हता. पाहुण्यांची खुर्ची सकाळी रंगवली. रंग ओला. पाहुणे आले, सांगायच्या आत बसले आणि थेट प्रक्षेपण सुरू झालं.

"...तर भाषण संपत आलं, आता माणूस उठणार, आणि उठला की पँट खुर्चीवर राहणार, म्हणून मी आणि धाकू ब्लेड घेऊन टेबलाखाली रांगत गेलो आणि..."

"कट!" नंदकिशोर म्हणाला. "गिल्बर्टअंकल, प्लीज. 'मी आणि एक सहकारी' म्हणा."

"ओके, ओके. सॉरी हां." गिल्बर्टने घसा साफ केला. "...म्हणून मी आणि एक सहकारी धाकू ब्लेड घेऊन टेबलाखाली..."

"कट!"

"अरे, सहकारी बोललो ना बाबा!"

कॅमेरामन तोंड फिरवून हसला. तिसऱ्या वेळी गिल्बर्टने अख्खी गोष्ट एका दमात सांगितली. मी खुर्ची धरतो, धाकू कपडा कापतो, वर मंत्रीसाहेब देशाच्या प्रगतीबद्दल बोलतायत आणि मधेच "आई गं!" करतायत, कारण धाकूचं ब्लेड कपड्याच्या पुढे गेलं. "पुढारी खुर्ची सोडत नाही हे सगळ्यांनी बघितलंय. खुर्ची पुढाऱ्याला सोडत नाही हे फक्त मी आणि धाकूने बघितलं, तेही खालून!"

अंगण फुटलं. नंदकिशोरने "कट" म्हणायला तोंड उघडलं, पण त्यातून हसूच बाहेर पडलं.

जयवंतने आपलं थोडक्यात सांगितलं. सामन्याची फिल्म धुऊन आली ती ओली, बातम्या चालू झालेल्या, वाळवायचं यंत्र बंद. तेव्हा धाकू एक टोक हातात धरून व्हरांड्यात पळत सुटला, मांजा सुकवतात तसा, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत, वाऱ्यावर त्याने सामना सुकवला. "खेळाडूंनी धावा काढल्या त्याहून जास्त धाकूने काढल्या असतील," जयवंत म्हणाला. त्याच्या आयुष्यातलं हे सर्वांत लांब भाषण.

मग रत्नप्रभा.

"त्या वेळी टीव्ही काळापांढरा," तिने सुरू केलं, "आणि पांढऱ्याशी कॅमेऱ्याचं वैर. पांढरंशुभ्र कापड समोर आलं की पडद्यावर नुसता भगभगीत उजेड, आणि माणसाचं तोंड शाईच्या डागासारखं. म्हणून जे जे पांढरं, ते आम्ही चहाच्या पाण्यात बुचकळून काढायचो. धोतर, टोपी, डॉक्टरचा कोट, नर्सची साडी, सगळ्याला चहा. त्याला आम्ही म्हणायचो चहा पाजणं. 'अगं, त्या कीर्तनकाराला चहा पाजलास का?' म्हणजे त्याच्या उपरण्याला. कळलं?

"तर एकदा एक वयस्कर गांधीवादी आले मुलाखतीला. डोक्यापासून पायापर्यंत खादी, दुधासारखी. लांबून आलेले, दमलेले. त्यांना बघून आमचे साहेब म्हणाले, अरे, पाहुण्यांना आधी चहा पाजा. आता साहेब नवीन. साहेबांना म्हणायचं होतं कपबशीतला चहा. पण हुकूम ऐकला कुणी, तर धाकूने, आणि धाकू पाहुण्यांसमोर जाऊन हात जोडून म्हणतो, काका, सदरा काढा."

नंदकिशोरने डोकं धरलं. 'कट' मात्र म्हणाला नाही.

"पाहुण्यांना वाटलं, टीव्हीची तपासणी असेल. त्यांनी सदरा काढला. टोपी काढली. धाकू म्हणतो, धोतर पण. तिथे मात्र म्हातारा अडला. म्हणाला, तुरुंगात इंग्रजाने पण मागितलं नव्हतं. तर सदरा-टोपी घेऊन धाकू माझ्याकडे, मी आपली नेहमीसारखी पातेल्यात घातली, आणि बाहेर तो बिचारा बंडीवर बसून वाट बघतोय की चहा कधी येतो! वेळ झाली. सदरा ओला. इस्त्री फिरवून फिरवून मी आणि धाकूने तो तसाच दमट त्यांच्या अंगावर चढवला आणि बसवलं दिव्यांखाली. दिवे तेव्हाचे, भाकरी भाजावी असे. दोन मिनिटांत म्हाताऱ्याच्या खांद्यांतून वाफ! मुलाखत घेणारी बाई विचारतेय, सत्याग्रहाच्या आठवणी सांगा, आणि हे धुमसतायत. धाकू माझ्या कानात म्हणतो, बाई, उकळी फुटली, आता दूध घाला!"

तिला पुढे बोलवेना. स्वतःचंच हसू आवरेना. डोळे पुसत तिने शेवट केला, की नंतर केंद्रात पत्रं आली, प्रेक्षकांची. त्यागी पुरुषाच्या अंगातलं तेज प्रत्यक्ष पाहायला मिळालं, धन्य झालो, असं लिहिलेली.

सगळे हसत होते. कॅमेरामनचा कॅमेरा हलत होता. ध्वनिमुद्रण करणाऱ्या माणसाने कानावरचं यंत्र काढून मांडीवर ठेवलं होतं. दारात शेवंती तेवढी हसत नव्हती. तिचे हात तसेच बोंबलाच्या चुऱ्याने माखलेले होते आणि ती एकेकाच्या तोंडाकडे बघत होती.

"म्हणजे ह्यां सगळां खरां?" ती म्हणाली. "वाफेची गजाल खरी? खुर्चीची खरी?"

"सगळं खरं, बाय," गिल्बर्ट म्हणाला.

"मेल्यानू," शेवंती म्हणाली, "तेव्हा कोण येवन सांगलास नाय ता!" आणि मग ती हसली. उशिरा पोचलेल्या माणसासारखी, सगळ्यांचं थांबल्यावर, एकटी, बराच वेळ.

तारा गुंडाळताना नंदकिशोर रत्नप्रभाजवळ आला. "तुम्ही तिघांनी ठरवून केलंत."

"हो."

"प्रत्येक वाक्यात. मी कापू कुठे?"

"ते तू बघ. आम्ही कपडे, सुतारकाम आणि फिल्मवाले. आम्हाला काय कळतं टीव्हीतलं?"

तो गेल्यावर तिने तो थंड झालेला फुगा खाल्ला. एक आठवण तिने कॅमेऱ्यासमोर काढलीच नव्हती. टीव्हीत रंग आला त्या दिवसाची. सगळं केंद्र नटूनथटून, आणि तिने सवयीने डॉक्टरच्या कोटाला चहा पाजला. रंगीत पडद्यावर डॉक्टर आला तो गढूळ पिवळा, जसा गटारातून उचललाय. साहेब ओरडले. तरणी पोरं हसली. धाकू मात्र पडद्याच्या अगदी जवळ जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, आपला चहा दिसायला लागला हो आता." त्यानंतर पातेलं घासून कपाटावर ठेवलं. हे सांगायला जमलं नसतं. ती तिथे रडली असती, आणि रडणं कापायला सगळ्यात सोपं.

प्रक्षेपणाच्या संध्याकाळी रत्नप्रभा नाहूरला गेली. शब्द तिने दिला होता, तर तो पडायचा असला तर आपल्या डोळ्यांसमोर पडू दे, असं तिचं म्हणणं. जानकीबाईची खोली भरली होती. जानकीबाईंच्या नवऱ्याच्या कारखान्याने बंद पडताना कामगारांना जे दिलं त्यातून हा टीव्ही आला होता आणि त्यावर क्रोशाचं कव्हर होतं. रत्नप्रभाला खुर्ची दिली. शेवंती नेहमीच्या जागी, उंबऱ्याजवळ, जमिनीवर.

"शिवदास दिसत नाही?" रत्नप्रभाने विचारलं.

"तो काय येतोय!" जानकीबाई म्हणाल्या. "म्हणाला, नाव आलं तर मला हाक मारा, मी नळावर आहे. आज पाणी उशिरा आलंय ना."

सुरू झालं. आधी दिवा लावला. मग भाषण. मग ज्यांनी भाषण केलं त्यांचा सत्कार, आणि ज्यांनी सत्कार केला त्यांचं भाषण. खोलीतल्या बायकांनी तांदूळ निवडायला घेतले. मग गुळगुळीत आवाजात कुणी तरी म्हणालं, आता ऐकू या काही जुन्या सहकाऱ्यांच्या हृद्य आठवणी, आणि पडद्यावर मरोळचा आंबा आला.

"आले!" कुणी तरी ओरडलं. तांदूळ खाली ठेवले गेले.

गिल्बर्ट दिसला. तोंड उघडून बोलतोय, हात हलवतोय, आणि त्याच्या आवाजाच्या जागी सतार वाजतेय. अख्खी खुर्चीची गोष्ट सतारीत बुडाली. गिल्बर्ट हसला, तोही सतारीत. मग जयवंत. त्याचीही सतार. जन्मात एकदा तो माणूस एवढा बोलला आणि त्याच्या तोंडात कुणी तरी तारा घातल्या.

हा रस्ता जयवंतच्या लक्षात आला नव्हता. वाक्य कापता येत नसेल, तर वाक्यावर माती टाकायची! साहेब लोक इतके हुशार असतात, फक्त त्यांची हुशारी याच कामाला येते. रत्नप्रभा शेवंतीकडे बघू शकली नाही. समोर बघत राहिली, आणि समोर आता ती स्वतःच आली.

सतार वाजत होती. वाजत वाजत हळू झाली. आणि थांबली.

"...म्हणायचो चहा पाजणं," पडद्यावरची रत्नप्रभा म्हणाली, मोठ्याने, ठसक्यात, आणि खोली दचकली.

गांधीवादी आले. साहेब म्हणाले चहा पाजा. "पण हुकूम ऐकला कुणी, तर धाकूने, आणि धाकू पाहुण्यांसमोर जाऊन हात जोडून म्हणतो..."

"धाकू!" जानकीबाई किंचाळल्या. "धाकू म्हणाली! शेवंते, ऐकलंस का गं?"

"गप ऱ्हवा, ऐकूक द्या!" शेवंती ओरडली. त्या चाळीत तिचा एवढा मोठा आवाज कुणी ऐकला नव्हता.

सदरा निघाला. धोतरावर म्हातारा अडला. खोली लोळली. मी आणि धाकूने चढवला. वाफ निघाली. धाकू माझ्या कानात म्हणतो. एकामागून एक, वाक्यांच्या पोटातून, नाव येतच राहिलं, आणि बाहेर व्हरांड्यात उभे असलेले, खिडकीला लटकलेले, सगळे प्रत्येक वेळी ओरडत राहिले, चौकार बसावा तसे. "उकळी फुटली, आता दूध घाला!" कुणी तरी दाराच्या कडीवर ताल धरला. एक म्हातारी विचारत होती, काय झालं, काय झालं, आणि तिला सांगायला कुणाला श्वास उरला नव्हता.

ती सतार तिथेच का थांबली? नंदकिशोरला कापता आलं नाही, की त्याने कापलं नाही? रत्नप्रभाने पुढे कधी विचारलं नाही. कायम झाल्यावर तो भेटला तेव्हासुद्धा नाही.

आठवणी संपल्या. पडद्यावर आभार सुरू झाले आणि ते ऐकायला कुणी नव्हतं. जो तो दुसऱ्याला तीच गोष्ट पुन्हा सांगत होता. एवढ्यात दोन्ही हातांत भरलेल्या कळश्या घेऊन शिवदास दारात आला. बनियन भिजलेलं. एवढा आरडाओरडा ऐकून नळ सोडून आला होता.

"काय झालं? कुणाचं नाव घेतलं?"

जानकीबाईंनी तोंड उघडलं. पण शेवंती उठून उभी राहिली होती. तिने पदर सारखा केला, डोक्यावरून घेतला, आणि शिवदासच्या डोळ्यांकडे बघत, बातम्या देतात तसं सावकाश, एकेक अक्षर वेगळं करून म्हणाली,

"धाकू सहदेव घाडीगावकर."

लग्नात घेतलं असेल तेवढंच. त्यानंतर हे नाव तिच्या तोंडून कुणी ऐकलं नव्हतं, आणि आज ना उखाणा होता, ना कुणाचा आग्रह. म्हातारीने हात तोंडावर ठेवला.

"टीव्ही केंद्रात होते," शेवंती म्हणाली.

शिवदास कळश्या धरून तसाच उभा राहिला. मग त्या खाली ठेवायला जागा शोधू लागला. शेवंती पुन्हा उंबऱ्याजवळ बसली. पडद्यावर आता भातावरच्या करपा रोगाची माहिती सुरू झाली होती. ती मन लावून बघू लागली.